गर्भपाताच्या कामात नव्याने येणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात काय शिकवावं?

इनचार्ज_सिस्टर

नमस्कार. गर्भपात विभागात नव्याने रुजू होणाऱ्या नर्स आणि शिकाऊ डॉक्टरांसाठी पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक बसवते आहे. औषधांचे डोस, संमतीपत्र, नोंदवह्या हे सगळं छापील आहे, ते वाचून येतीलच. कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा, तोही इथे नको. मला हवंय ते पुस्तकात दोन ओळींत संपतं आणि खोलीत मात्र अडतं, ते.

माझे प्रश्न:

१. हाताने ओढायच्या सिरिंजने (एमव्हीए) काम चालू असताना मध्येच व्हॅक्यूम जातो तेव्हा नवीन माणूस गडबडतो. नेमकं काय सांगून ठेवावं?

२. बाहेर आलेला भाग तपासायचं काम कोणाला द्यावं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याची तयारी कशी करून घ्यावी? बदली मागणारे बहुतेक जण याच टेबलावरून जातात.

३. गोळ्या घेऊन घरी गेलेल्या बाईचा फोन आला तर काय विचारायचं, कोणत्या क्रमाने?

४. ज्यांना या कामात भाग घ्यायचा नाही त्यांची ड्यूटी कशी लावायची?

प्रामुख्याने १२-१३ आठवड्यांपर्यंतच्या केसेस धरून सांगा.

डॉ_सलाईन

सिस्टर, चांगला धागा. पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, पण त्याआधी एक सूचना. नवीन डॉक्टरला पहिले दोन दिवस सिरिंज हातात देऊ नका. बाईच्या डोक्याशी उभं करा. टेबलाच्या त्या टोकाला उभं राहिल्याशिवाय कळत नाही की चिमटा लावताना आधी सांगितलं तर बाई कमी दचकते, आणि ‘झालं झालं, थोडंच राहिलं’ हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं की तिचा विश्वास उडतो.

आता काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत १४ आठवड्यांच्या आतल्या केसेसमध्ये शस्त्रक्रिया करायची तर व्हॅक्यूम वापरा असं स्पष्ट लिहिलंय, धारदार क्युरेट (खरवडायचं हत्यार) नको. तरी बोलताना सगळे अजून ‘क्युरेटिंग’च म्हणतात. शब्द राहिला तर राहू दे, पण शेवटी ‘खात्रीसाठी एकदा क्युरेट फिरवून घेऊ’ ही सवय शब्दाच्या मागोमाग येते, ती नवीन माणसाला लागू देऊ नका.

नळीचा नंबर मिलिमीटरमध्ये असतो आणि ढोबळ हिशोब असा की जितके आठवडे तितके मिमी. आठ आठवड्यांना ८ ची नळी, एखादा नंबर इकडे तिकडे. फार बारीक नळी घेतली की ती तुंबते, काम लांबतं आणि काहीतरी आत राहतं. फार जाड घेतली की पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडावर जोर द्यावा लागतो, आणि जोर द्यावा लागला की अपघात जवळ आला असं समजायचं.

व्हॅक्यूम जाण्याची कारणं चार. एक, सिलिंडर भरला. ६० मिलीची सिरिंज, दहा आठवड्यांच्या पुढे सहज भरते. झडपेची बटणं दाबून बंद करायची, नळी आतच ठेवून सिरिंज सोडवायची, रिकामी करायची, पुन्हा व्हॅक्यूम भरून जोडायची. दोन, नळी तुंबली. अशा वेळी नळी बाजूंना न टेकवता बाहेर काढायची आणि निर्जंतुक चिमट्याने अडकलेला भाग ओढून घ्यायचा. तीन, नळीचं भोक पिशवीच्या तोंडाबाहेर आलं आणि हवा शिरली. नवीन हातांकडून हेच सगळ्यात जास्त होतं, कारण आत-बाहेर करताना ते फार मागे ओढतात. चार, नळी पिशवीच्या भिंतीतून पार गेली. हे क्वचित होतं, पण पहिल्या तीन कारणांपैकी एकही दिसलं नाही तर हे मनात आलंच पाहिजे. नळी अपेक्षेपेक्षा खोल जाते, तळ लागत नाही, बाईला अचानक वेगळीच कळ येते. तिथेच थांबायचं, व्हॅक्यूम सोडायचा, पुन्हा आत जायचं नाही, वरिष्ठांना बोलवायचं. नळीत पिवळट चरबीसारखं काही दिसलं तर पोट उघडण्याची किंवा दुर्बिणीची तयारी.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून लावा: नळी आत असताना दट्ट्या पुढे ढकलायचा नाही. तुंबलेली नळी ‘फुंकून’ मोकळी करायचा मोह होतो. पण त्याने हवा आणि आतला ऐवज पिशवीत जातो, आणि हवा रक्तात शिरली तर बाई टेबलावर दगावू शकते. सिरिंज उचलतानाही दट्ट्याच्या दांड्यांना धरायचं नाही. त्या आत घसरल्या की दट्ट्या आपोआप पुढे जातो.

काम संपलं हे कळण्याच्या खुणा सगळे पाठ करतात: नळीत गुलाबी-लाल फेस येतो आणि भाग यायचा थांबतो, आतून खरखरीत लागतं, पिशवी नळीला आवळते, कळा वाढतात. चारही एकदम मिळायची वाट बघू नका, पण एकीवरही थांबू नका. खरी खात्री ताटलीत होते. ते दुसऱ्या कोणीतरी लिहावं, मी त्यात पडत नाही.

ट्रे_वाली

डॉक्टरांनी चार कारणं सांगितली. पाचवं राहिलं, आणि ते आमच्या खात्यातलं आहे: सिरिंजच खराब.

प्रत्येक केसच्या आधी चाचणी. बटणं आत दाबून कुलूप करायचं, दट्ट्या मागे ओढायचा, दोन्ही दांड्या ‘टक्’ करून सिलिंडरच्या काठावर बाहेर बसल्या पाहिजेत. मग दोन-तीन मिनिटं तशीच ट्रेमध्ये ठेवायची. त्यानंतर बटणं सोडल्यावर ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर व्हॅक्यूम टिकला नाही. दट्ट्या बाहेर काढून त्याच्या टोकाची काळी रबरी रिंग बघायची: चिरलीय का, खाचेत नीट बसलीय का, तिच्यावर केस किंवा कापसाचा धागा अडकलाय का. सिलिकॉनचा एक थेंब बोटाने रिंगभर फिरवायचा. एकच थेंब. जास्त लावलं की दट्ट्या घसरतो आणि दांड्या काठावर धरत नाहीत. दुसऱ्या चाचणीतही व्हॅक्यूम टिकला नाही तर ती सिरिंज बाद.

ट्रेवर नेहमी दोन सिरिंजा भरून ठेवा. दुसरी तयार नसली की डॉक्टर घाईघाईने पहिलीच रिकामी करून जोडतात, आणि ताटलीत जाण्याऐवजी अर्धा भाग ड्रेपवर सांडतो. मग तपासणार काय?

वापरून झाल्यावर सिरिंज वाळू द्यायची नाही. झडपेच्या आतल्या रबरी अस्तरात रक्त वाळलं की ब्रशने निघत नाही. कोमट पाणी आणि साबण, सगळे भाग सुटे: सिलिंडर, दट्ट्या, रिंग, झडपेचे दोन अर्धे, टोपी, अस्तर. रिंग खाचेतून काढायला टोकदार वस्तू वापरू नका, दोन बोटांनी चिमटून काढा. नंतर बनवणाऱ्याच्या पत्रकात जे दिलंय तेच: ऑटोक्लेव्ह चालणारी असेल तर १२१ अंशांना ३० मिनिटं, किंवा २० मिनिटं उकळणं, किंवा ०.५ टक्के क्लोरीनमध्ये २० मिनिटं बुडवून मग उकळलेल्या पाण्याने खळखळून धुणं. जास्त तापमानाची झटपट सायकल लावली की प्लास्टिकला तडे जातात. तडे बारीक असतात, उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ‘व्हॅक्यूम का जातोय’ म्हणून सगळे डॉक्टरकडे बघत बसतात.

भूलवाला

दुखण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मध्ये घुसतो. टेबलावर बाई ओरडली की खोलीतल्या प्रत्येकाचा हात कापतो, आणि दिवसाच्या शेवटी थकवा कशाचा असं विचारलं तर निम्मा याचाच निघतो.

आयबुप्रोफेन ४०० ते ८०० मिलिग्रॅम, काम सुरू व्हायच्या अर्धा ते पाऊण तास आधी पोटात गेलेलं हवं. टेबलावर घेतल्यावर दिलेली गोळी घरी जाताना उपयोगी पडते, तेवढीच. नुसत्या पॅरासिटामॉलवर भागवू नका.

पिशवीच्या तोंडाभोवती द्यायचा ब्लॉक (बधिर करायची इंजेक्शनं): १ टक्का लिग्नोकेन, २० मिली. घड्याळाच्या तबकडीसारखं बघायचं. १२ वाजता, जिथे चिमटा लावायचा तिथे, २ मिली. उरलेले १८ मिली २, ४, ८ आणि १० वाजता समान वाटून, दीड ते तीन सेंमी खोल. प्रत्येक वेळी आधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं. ३ आणि ९ वाजता टोचायचं नाही, तिथे रक्तवाहिन्या आहेत.

चूक कुठे होते? बाटलीत. कपाटात १ आणि २ टक्क्यांच्या बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात. २ टक्क्यांची २० मिली म्हणजे ४०० मिलिग्रॅम, बरोबर दुप्पट. कमाल मर्यादा किलोला ४.५ मिलिग्रॅम आणि एकूण २००. ४० किलोच्या बाईला १८० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचे १८ मिलीच. २ टक्केच उपलब्ध असेल तर १० मिली औषध आणि १० मिली सलाईन, आणि सिरिंजवर लेबल. ‘कानात गुंई वाजतंय’, ‘तोंडात धातूची चव आली’, ‘ओठ बधिर झाले’ असं बाई म्हणाली तर तिचं लक्ष दुसरीकडे वळवू नका, काम थांबवा. झटके येण्याआधी शरीर जी सूचना देतं ती हीच. नवीन नर्सला हे तीन शब्द पाठ हवेत: कान, चव, ओठ.

चक्कर वेगळी. नाडी मंदावते, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो. पाय वर, काम थांबव, बहुतेक वेळा दोन मिनिटांत बाई बोलायला लागते.

ताटली

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. इथे जरा लांब होईल.

पहिली गोष्ट, तपासणी कोणी करायची याचं उत्तर: ज्याने सिरिंज धरली त्याने, आणि सोबत एका नर्सने. बाई टेबलावर असतानाच. ‘बरणीत ठेव, नंतर बघू’ हे चालणार नाही, कारण कमी निघालं तर पुन्हा आत जायची वेळ तीच असते.

पद्धत. चाळणीत ओतायचं, वाहत्या पाण्याखाली रक्त आणि गुठळ्या जाऊ द्यायच्या. मग तळाला पारदर्शक असलेल्या काचेच्या ताटलीत बोटभर स्वच्छ पाणी घेऊन त्यात सोडायचं आणि खालून उजेड. वरचा दिवा पुरत नाही, त्याने फक्त लाल चकाकतं. खालून उजेड आला की दोन गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. पिशवीचं अस्तर जाडसर असतं, पापुद्र्यासारखं, चिमट्याने ताणलं की फाटतं, आणि पाण्यात मुकाट पडून राहतं. गर्भाच्या बाजूचे तंतू पाण्यात पसरतात, ओल्या कापसासारखे किंवा पिसाच्या कडेसारखे, पांढरट, आणि ताटली हलवली की हलतात. त्यांच्याबरोबर पातळ पारदर्शक पडदा दिसतो. सहाव्या आठवड्याआधी हे सगळं मिळून नखाएवढं असू शकतं, आणि अस्तराच्या मोठ्या तुकड्यामागे सहज लपतं. म्हणून प्रत्येक तुकडा उलटून बघायचा.

तंतू दिसले नाहीत तर घाबरायचं नाही, क्रमाने जायचं. चाळणी पुन्हा बघा, नळी आणि झडप धुऊन बघा, ड्रेपवरचा गॉज बघा. तरी नाही तर डॉक्टर ठरवतील पुन्हा ओढायचं का, आणि सोनोग्राफी. तरीही नाही तर शक्यता तीन: गर्भ आधीच पडून गेलाय, आतच राहिलाय, किंवा पिशवीत नव्हताच. तिसरी जीव घेणारी आहे. त्या दिवशी रक्तातलं बीटा एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) आणि ४८ तासांनी पुन्हा. पिशवी रिकामी झाली असेल तर आकडा निम्म्याखाली यायला हवा. न येणं किंवा वाढणं म्हणजे बीजनळीतला गर्भ धरून चालायचं. बाईला घरी पाठवताना ‘एका बाजूला दुखलं, खांद्यात दुखलं, चक्कर आली तर त्याच क्षणी या’ हे तोंडी आणि कागदावर, दोन्ही. आणि द्राक्षांच्या घडासारखे पाण्याने भरलेले फुगे दिसले तर ते मोल (द्राक्षगर्भ), नमुना पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे.

आता तयारी. बदली मागणाऱ्यांचा प्रश्न रक्ताचा नसतो, ‘कोणी सांगितलं नव्हतं’ हा असतो. साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत ताटलीत बहुतेक तंतू, पडदा आणि अस्तरच असतं. त्यापुढे अवयव ओळखू येऊ लागतात. हे आधी, खोलीबाहेर, बसून, या शब्दांत सांगायचं. काही वरिष्ठ ‘काही नसतं गं त्यात’ म्हणून धीर देतात. ती फसवणूक आहे, आणि नवीन मुलीला ती बाराव्या आठवड्याच्या पहिल्याच ताटलीत कळते. त्यानंतर ती वरिष्ठांचं दुसरंही काही खरं मानत नाही.

मग क्रम असा लावा: आधी आकृत्या आणि फोटो, मग सहा-सात आठवड्यांच्या केसेस शेजारी उभं राहून बघणं, मग स्वतः तपासणं, मग वरचे आठवडे. पहिल्या आठवड्यात दहाच्या पुढचं टेबल देऊ नका. तपासणीची जागा बाईच्या नजरेआड हवी आणि आवाजाच्याही आड. ‘सगळं आलं’ किंवा ‘पूर्ण’ इतकंच डॉक्टरला सांगायचं. काय काय दिसलं ते मोठ्याने मोजायचं नाही. बाईने स्वतः बघायला मागितलं तर नाही म्हणायचं कारण नाही, पण आधी काय दिसेल ते सांगून, ताटली पुसून, भाग नीट ठेवून.

आणि दिवसभर एकाच व्यक्तीला या टेबलावर ठेवू नका. चार-पाच केसेसनंतर बदला. थकलेला डोळा अस्तरालाच तंतू म्हणतो. हे भावनेचं कारण नाही, चूक होण्याचं आहे. भावनेचं कारणही आहेच, पण ड्यूटी लावणाऱ्याला पहिलं सांगितलं तर तो लवकर ऐकतो.

फोनवरची

तिसरा प्रश्न माझा. आधी एक मिनिट ‘ताटली’ ताईंना अनुमोदन: ‘काही नसतं’ हे वाक्य आम्हीही समुपदेशनात बंद केलं पाहिजे. बाईला गोळ्यांनी घरी काय दिसेल ते सांगितलं नाही तर रात्री फोन येतो आणि तो घाबरलेला असतो.

नेहमीचा क्रम: मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम तोंडाने, २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या चार गोळ्या, जिभेखाली, गालात किंवा योनीमार्गात. फोन बहुतेक या चार गोळ्यांनंतरच्या सहा-आठ तासांत येतात.

फोन उचलल्यावर पहिला प्रश्न आजाराचा नाही. ‘आत्ता बोलता येतंय का, शेजारी कोणी आहे का?’ नसेल बोलता येत तर हो-नाहीवर चालवायचं. आपण फोन करत असू तर समोर कोणी उचलला हे कळेपर्यंत विभागाचं नाव घ्यायचं नाही. आधी बाईने सांगून ठेवलेलं नाव किंवा निमित्त वापरायचं. एवढ्या एका चुकीने तिच्या घरात काय होईल याचा अंदाज आपल्याला नसतो.

मग रक्त. ‘खूप जातंय’ याला अर्थ नाही, कारण पाळीपेक्षा जास्त जाणारच आणि गाठीही पडणार. मोजून विचारा: मोठा पॅड पूर्ण भिजायला किती वेळ लागला? तासाला दोन, असे सलग दोन तास, ही मर्यादा. त्यापुढे फोनवर बोलत बसायचं नाही, तिला बोलवायचं. पॅड कमी पण उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तरीही बोलवायचं.

मग ताप. मिसोप्रोस्टॉलनंतर थंडी, हुडहुडी, थोडा ताप, जुलाब हे पहिल्या दिवशी चालतं. २४ तास उलटून गेल्यावरही ३८ अंश किंवा वर असेल, घाण वासाचा स्राव असेल, किंवा ताप नाही पण बाई ‘बरंच वाटत नाही’ म्हणते, तर तपासणी. या शेवटच्या वाक्याकडे नवीन मुली दुर्लक्ष करतात. गंभीर जंतुसंसर्गात कधी कधी ताप नसतोच.

आणि ज्याला सगळे विसरतात तो फोन: ‘काहीच नाही झालं, छान आहे मी.’ मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास झाले आणि अंगावरून गेलंच नाही किंवा नुसता डाग, तर एकतर गोळ्या लागू पडल्या नाहीत किंवा गर्भ बीजनळीत आहे. या दोन औषधांनी नळीतला गर्भ जात नाही. शांत फोन आला म्हणून खाली ठेवू नका.

उलटीचा प्रश्न रोज येतो. मिफेप्रिस्टोन घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा द्यावी लागते. जिभेखालच्या गोळ्या ३० मिनिटं ठेवून झाल्या असतील तर नंतरच्या उलटीने फरक पडत नाही, उरलेला चुरा पाण्याबरोबर गिळायचा. लघवीची नेहमीची पट्टी आठवड्याने करू नका, गर्भ नसतानाही ती तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येते आणि बाई विनाकारण हबकते.

शब्दांचं थोडं. बाई ‘बाळ’ म्हणाली तर आपण ‘गर्भ’ म्हणून तिला दुरुस्त करायचं नाही. ती ‘पाळी चुकली होती’ म्हणाली तर आपण ‘बाळ’ आणायचं नाही. तिचाच शब्द उचलायचा. ‘आता परत अशी वेळ आणू नका’ हे निरोपाचं वाक्य बंद. गर्भनिरोधक सांगायचंय ना? मग सरळ सांगा की बीज आठ दिवसांतही सुटू शकतं, तांबी सिरिंजच्या कामानंतर त्याच बैठकीत बसवता येते, गोळ्या सुरू करायला थांबायला नको. तिला नको असेल तर नको.

डॉ_सलाईन

एक दुरुस्ती सुचवतो. ‘तासाला दोन पॅड, सलग दोन तास’ हा आकडा धडधाकट बाईसाठी. हिमोग्लोबिन आधीच ७-८ असेल किंवा दवाखाना लांब असेल तर पहिल्या तासालाच निघायला सांगा. हे फाइलवर वरच लिहून ठेवलं तर फोनवरच्या माणसाला शोधावं लागत नाही.

आणि सिरिंजनंतर रिकव्हरीत एक चित्र नवीन नर्सला दाखवून ठेवा: रक्त अगदी कमी, पण कळा वाढतच चालल्यात, पोट हाताला घट्ट लागतंय, बाई घामाघूम. रक्त कमी म्हणून सगळे निर्धास्त असतात, प्रत्यक्षात ते पिशवीत साठतंय. पुन्हा ओढून रिकामी केली आणि पिशवी आवळायचं औषध दिलं की काही मिनिटांत चेहरा बदलतो. नाडी-रक्तदाब दर १५ मिनिटांनी, निदान पहिला अर्धा तास, तो यासाठीच.

रोस्टर

चौथा प्रश्न. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात: ‘मला करायचं नाही’ आणि ‘मला जमत नाहीये’. पहिलीला ड्यूटी बदलून द्या, दुसरीला वेळ. ओळखायचं कसं? रुजू होण्याआधी, एकट्याला विचारून. खोलीच्या दारात, गाऊन घातल्यावर, बाई टेबलावर असताना आलेला नकार कोणाच्याच कामाचा नाही.

नकार कशाला लागू होतो हे कागदावर असू द्या. गर्भपाताची क्रिया स्वतः करणं, त्यात हात देणं, औषध देणं: यातून सूट देता येते. रक्तस्राव होणाऱ्या बाईला सलाईन लावणं, रक्तदाब बघणं, तापाची बाई तपासणं, पुढे कोणाकडे जायचं ते सांगणं: यातून नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, फिगोची, भूमिकाही हीच आहे. नकार देणाऱ्याने बाईला दुसरीकडे पाठवायचंच, आणि जिवावर बेतलं असेल तर उपचार करायचेच. नकार देणाऱ्याला टोमणे नकोत. पण त्याचं काम उरलेल्या दोघींवर पडतं, हेही मोजा. तीन जणींच्या विभागात एकीने सूट घेतली की उरलेल्या दोघींना सुट्टीच मिळत नाही, आणि सहा महिन्यांत त्या दोघीही जातात. म्हणून सूट देतानाच बदलीची माणसं मागा, नंतर नाही.

‘जमत नाहीये’साठी मूल्यांची उजळणी करून घेणाऱ्या कार्यशाळा असतात, इपास या संस्थेची त्यासाठीची साधनं बऱ्याच ठिकाणी वापरली जातात. त्यातला एक साधा खेळ: जमिनीवर ‘सहमत’ ते ‘असहमत’ अशी रेघ आखायची, एकेक विधान वाचायचं, प्रत्येकाने आपल्या जागी उभं राहायचं आणि तिथे का उभे आहोत ते सांगायचं. कोणाला बदलायचं नसतं. आपण कुठे उभे आहोत हे टेबलावर नव्हे, इथे कळावं इतकंच.

आणि जे करतात त्यांच्याबद्दल. हे काम करणारे बाहेर बोलत नाहीत. लग्नकार्यात कोणी विचारलं तर ‘स्त्रीरोग विभागात आहे’ म्हणून विषय संपवतात. मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. लिसा हॅरिस यांनी २००७ मध्ये याच गप्प राहण्यावर ‘प्रोव्हायडर्स शेअर’ नावाची कार्यशाळा सुरू केली. छोटा गट, अनेक बैठका, डॉक्टरपासून स्वागतकक्षापर्यंत सगळे एकत्र. त्यांचा मुद्दा मला पटतो: काम करणारे गप्प बसले की लोकांसमोर फक्त बाहेरच्यांनी रंगवलेलं चित्र उरतं, त्याने शरम वाढते, आणि शरमेने पुन्हा गप्प.

विभागात एवढं मोठं जमत नसेल तर यादी संपल्यावर पंधरा मिनिटं, दार लावून. पहिली पाच मिनिटं फक्त कामाची: कुठली सिरिंज गेली, कुठे औषध कमी पडलं. उरलेली दहा ज्याला बोलायचंय त्याची. सक्ती नको. सफाई करणाऱ्या मदतनीसांना आणि कागद भरणाऱ्यांनाही बोलवा, चाळणी आणि बादली शेवटी त्यांच्याच हातात असते.

इनचार्ज_सिस्टर

सगळ्यांचे आभार. वेळापत्रक असं बसवतेय: पहिले दोन दिवस डोक्याशी, तिसरा दिवस सिरिंज उघडणं-जोडणं आणि चाचणी, चौथा आणि पाचवा सहा-सात आठवड्यांच्या ताटल्या शेजारी उभं राहून, सहावा फोन ऐकणं. दहाच्या पुढचं टेबल दुसऱ्या महिन्यात.

‘ताटली’ ताई, एक राहिलं. काही जण पाण्यात थोडं व्हिनेगर घालतात, त्याने तंतू जास्त पांढरे दिसतात. घालू द्यावं का?

ताटली

तिथेच बघून टाकायचं असेल तर चालतं. पण आधी फाइल बघायला सांगा. नमुना पॅथॉलॉजीकडे जाणार असेल तर साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये बघून लगेच फॉर्मालिन. जनुकीय तपासणीला जाणार असेल तर फॉर्मालिनही नाही, पाणीही नाही. निर्जंतुक सलाईनमध्येच बघायचं आणि त्यातच ताबडतोब पाठवायचं. त्यामुळे ट्रे लावतानाच ताटलीवर चिकटपट्टीने लिहून ठेवा: ‘बघून झालं’, ‘पॅथॉ’ किंवा ‘जनुकीय’. नमुना फॉर्मालिनमध्ये गेल्यावर आठवलं तर ती तपासणी होतच नाही, आणि बाईला दुसरा नमुना मागता येत नाही.